चौथ्या लेनची टोपली

पिस्तूल वाजण्याआधीच चौथ्या लेनमधली परदेशी मुलगी सुटली आणि जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीतून बाद झाली. तिच्या कपड्यांची टोपली धरून स्वयंसेविका कुमुदताई गावित उभ्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी राष्ट्रीय निवड चाचणीत त्याही अशाच बाद झाल्या होत्या, तडक घरी गेल्या होत्या आणि पुन्हा कधी धावल्या नव्हत्या.

मुलगी डोळे पुसत आली. तिच्या खांद्यावर जॅकेट टाकून त्यांनी दाराकडे हात केला. “चल बाळा, आत जाऊ.”

मुलीनं नकारार्थी मान हलवली. शर्यत पुन्हा सुरू होताच ती उरलेल्या सातही जणींसाठी टाळ्या वाजवू लागली.

कुमुदताई थबकल्या. आपल्या त्या शर्यतीत पहिली कोण आली होती, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं.