पुठ्ठ्यावरची हाक

“दाबा बाबा, खरा फोनच आहे असं समजा,” धाकटी म्हणाली.

तिचं हे पहिलंच अ‍ॅप, ‘हाक’. बटण दाबलं की घरातल्या माणसाला हाक जाणार. अजून सगळं पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढलेलं होतं. बाबा शिंपी, पुठ्ठा त्यांनीच बेतून कापून दिला होता, तोही छाती फुगवून.

बाबांनी चष्मा सावरला आणि बटण दाबलं.

“ओ!” आतल्या खोलीतून आवाज आला.

आत कोणीच नव्हतं. आई तर इथेच शेजारी बसली होती.

“अगंबाई, कागदाचं असून ओ देतंय!” आई हरखली. “थोरला म्हणत होता, याला कुत्रं विचारणार नाही. बघ म्हणावं आता!”

पुठ्ठा ओ देऊच शकत नाही, हे धाकटीला सांगायचं होतं. पण दोघांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून तिची जीभ रेटेना.

बाबांनी पुन्हा दाबलं. “ओ!” आता आवाज दारापाशी होता.

“पण हाक मारली कोणाला आपण?” आईनं विचारलं.

धाकटीनं पुठ्ठा जवळ ओढला. नावाची चौकट तिनं रिकामीच ठेवली होती.

तिनं मान वर केली. बाबा तिच्या खुर्चीमागे बघत अदबीनं उठले होते.

“या, बसा ना,” ते अभिमानानं म्हणाले. “आमच्या धाकटीनंच बोलावलंय तुम्हाला.”