पुलावरचा पहारेकरी

फुसाएने बटण दाबलं आणि तिचा नवरा सकाळपासून सत्ताविसाव्यांदा मेला.

"हा बरा होता," पलंगावरून तामोत्सु म्हणाला. "गुडघा जरा घाईने टेकला. पण बरा होता."

"मला तर बाई कालच्यासारखाच वाटला."

"सेहेचाळीस वर्षं संसार केलास माझ्याशी, आणि मरणातलं तुला काडीचं कळत नाही."

टीव्हीच्या पडद्यावर, लाकडी पुलाच्या फळ्यांवर, एक पहारेकरी पालथा पडला होता. चेहरा परक्याचा, चिलखत परक्याचं, पण पडणं तामोत्सुचं. आधी एक गुडघा टेकायचा, मग मागून कुणी हाक मारल्यासारखी मान वळायची, आणि मगच कोसळायचं. क्योतोमध्ये, उझुमासाच्या स्टुडिओंत, तामोत्सु निशिवाकी जन्मभर असाच पडत आला. सामुराईंच्या सिनेमात नायकाच्या तलवारीखाली यायचं, मरायचं, उठून धूळ झटकायची आणि दुसरा अंगरखा चढवून पुन्हा मरायला रांगेत उभं राहायचं. नायक म्हातारे झाले, त्यांचे मुलगे नायक झाले. तामोत्सु आपला मरतच राहिला. पोस्टरवर त्याचं नाव कधी आलं नाही, आणि त्याने ते कधी मागितलंही नाही.

चार वर्षांपूर्वी हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या खेळवाल्यांनी त्याला बोलावलं. घट्ट काळा पोशाख, त्यावर कॅमेऱ्याला अंगाची हालचाल टिपता यावी म्हणून अंगभर पांढरे ठिपके. चार दिवसांत तो दोनशे बारा वेळा पडला. "पडा," एवढंच ते सांगायचे. कोण पडतंय, कुठे, कशासाठी, ते कुणी बोललं नाही. कपडे आणि चेहरे म्हणे मागाहून चढवतात. तामोत्सुला त्याचं काही वाटलं नाही. कपडे आणि चेहरे त्याला आजवर दुसऱ्यांनीच दिले होते.

त्यानंतर वर्षभरात नसांचं दुखणं सुरू झालं. आधी हातातून तलवार निसटली, मग जेवणाच्या काड्या. आता मानेखाली काही हलत नव्हतं. नव्या वर्षापर्यंत आवाजही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि डॉक्टर आजवर एकदाही चुकले नव्हते.

खेळाचं यंत्र जावयाने आणून जोडून दिलं. सासूबाईंची फजिती नको म्हणून त्याने खेळ अगदी सोप्यावर लावला होता, त्यामुळे नायक बरेच वार सोसायचा, आजवर एकदाही पडला नव्हता. नायकाचं काम एका देखण्या तरण्या नटाने केलेलं, डब्यावर त्याचाच फोटो. खेळात मुलूख अफाट होता. डोंगर, बांबूची बनं, समुद्र. घोड्यावर बसून कुठेही जावं. तीन आठवड्यांत फुसाए या पुलापलीकडे गेली नव्हती. पहारेकऱ्याला मारायचं, थोडं मागे जाऊन परत यायचं, की तो पुन्हा उभा. सकाळची पेज भरवून झाली की दुपारपर्यंत दोघांचं हेच चालायचं. ज्या अंगाला ती रोज कुशीवर वळवत होती, तेच अंग तिला चालताना बघायचं होतं. त्यासाठी त्याला कापावं लागत होतं. त्याचीही तिला सवय झाली होती, आणि सवय झाली याची तिला लाज वाटायची.

"फुसाए," तामोत्सु म्हणाला, "आज मला जिंकू दे."

"म्हणजे?"

"तलवार म्यान कर. पुलावर जाऊन नुसती उभी राहा. आवाज आहे तोवर मागून घेतो. जन्मात एकदा तरी मला समोरचा पडलेला बघायचाय."

"घरात नेहमी तुम्हीच जिंकता की."

"थापा मारू नकोस. घरात तर आणखीनच नाही."

तिने नायकाला पुलावर नेलं. पहारेकऱ्याने त्याला पाहिलं आणि तलवार उपसली. तिचा अंगठा आपोआप बटणाकडे गेला.

"हात काढ!"

कित्येक महिन्यांत त्याचा एवढा आवाज तिने ऐकला नव्हता. रिमोट त्याच्या पायाशी रजईवर ठेवून तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

पहिला वार बसला. नायक जागचा हलला नाही. दुसरा बसला, तिसरा बसला. खेळ सोप्यावर लावल्याचा हा असा ताप होता. पडद्याच्या कडा हळूहळू लाल होत गेल्या. तामोत्सुची मान उशीवरून बोटभर वर आली होती.

"मार," तो पुटपुटत होता. "अजून एक. मार, लेका, मार!"

आठव्या वाराला पहारेकरी थांबला. त्याने तलवार खाली घेतली. पुलाच्या मधोमध, पाय रोवून, तो ताठ उभा राहिला. ते अंग झुंजीच्या शेवटी उभं राहिलेलं फुसाएने जन्मात पाहिलं नव्हतं. तिला हुंदका आला, आनंदाचाच.

मग त्याच्यासमोर नायकाने एक गुडघा टेकला. मागून कुणी हाक मारल्यासारखी त्याची मान वळली. आणि तो कोसळला.

ते पडणं फुसाएने ओळखलं. डब्यावरच्या त्या देखण्या पोराला पडायला कुणी सांगितलंच नव्हतं. ती झटकन उठली आणि टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"जिंकलात! अहो, जिंकलात तुम्ही!" तिने टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

तामोत्सुची मान पुन्हा उशीवर टेकली होती.

"सरक बाजूला," तो म्हणाला. "बघितलं मी. तोही मीच होतो."