बॉनेटवरचे चरे

थंडीने मेण घट्ट झालं होतं, म्हणून डबा कोमट पाण्यात ठेवला आणि धुतलेलं बॉनेट कोरडं करू लागलो. फडकं उचललं तर खाली नवा चरा. नखाएवढा, ताजा.

पंधरा दिवसांपूर्वी असेच चरे दाखवून मी रंगनाथमामांना पार्किंगमध्ये चारचौघांसमोर बोललो होतो. गाडी रोज ते धुवायचे, रविवारी मेण तेवढं मी लावायचो. "हातात कडं घालून गाडी पुसता, लाज नाही वाटत?" असं म्हणून त्यांचं काम बंद केलं. तेव्हापासून गाडीला फक्त माझाच हात लागत होता.

मामा शेजारचीच गाडी पुसत होते. त्यांचं कडं नळाच्या तोटीला अडकवलेलं होतं. ते जवळ आले, चऱ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, अंगठी काढून पुसा. थंडीत बोटं बारीक होतात, खडा आत फिरतो."

मी हात उलटा करून पाहिला. पुष्कराज तळव्याच्या बाजूला आला होता. अंगठी काढून खिशात टाकली. मामांशी काहीतरी बोलणार, तोच दुसऱ्या मजल्यावरून देवस्थळीकाकांनी विचारलं, "काय हो, स्वतः धुताय तेव्हापासून चरे बंद झाले ना?"

मामा तिथेच उभे होते, फडकं पिळत.

"हो," मी म्हणालो. "बंद झाले."