बद्रीनाथचा आकडा

संपतनं कॅबिनेटचं झाकण काढून आत बोट फिरवलं. सगळं गार पडलं होतं. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागला होता, पण पडदा काळाच.

"पुन्हा तेच," काकासाहेब दारातून म्हणाले. "तू म्हणला होतास, आता बराबर चालंल. आठवडाभर चाललं बी. मंग परत बसलं."

दोन हजार एकच्या त्या थंडीत पिंपळगाव रेणुकाईत घरात कॉम्प्युटर असलेलं हे एकच घर होतं. काकासाहेबांच्या एकुलत्या एका पोरानं, बद्रीनाथनं, सुटे भाग जमवून तो स्वतः जोडला होता. त्यावर तो गावाच्या लग्नपत्रिका करायचा. शिमग्याच्या सुमारास भोकरदनच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. मागं राहिली त्याची बायको पुष्पा, आणि पडद्यावर त्यानंच लावून ठेवलेला त्याचा हसरा फोटो.

तेव्हापासून घरात एक रीत पडली होती. बद्रीनाथच्या आईची, उषाबाईंची, देवपूजा झाली की कॉम्प्युटर लावायचा आणि पोराचं तोंड बघायचं. थंडी पडली तसा त्यात जिवाला घोर लागला. काकासाहेबांनी बटण दाबलं की पडदा काळा. उषाबाईंनी दाबलं तरी काळा. मग म्हशीची धार काढून पुष्पा यायची, बटण दाबायची आणि बद्रीनाथ हसत समोर यायचा.

वर्षश्राद्ध झालं की पुष्पाला घनसावंगीला माहेरी धाडायचं, असं काकासाहेबांनी ठरवलं होतं. लेकरूबाळ नव्हतं. तिच्या भावानं एक बीजवरही बघून ठेवला होता. पुष्पाला जायचं नव्हतं, पण तिला विचारतो कोण? आता मात्र काकासाहेबांचाच पाय अडला. गेलेला पोरगा फक्त बायकोला तोंड दाखवतो म्हटल्यावर तिला घराबाहेर कसं काढायचं?

खरंखोटं करायला त्यांनी संपतला बोलावलं. भोकरदनला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बद्रीनाथचा तो जिवलग दोस्त. पहिल्या खेपेलाच त्याला कारण सापडलं. बद्रीनाथला भारी हौस. कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा. असा पळवलेला प्रोसेसर थंडीत पहिल्या झटक्याला उठत नाही, थोडा वेळ चालू राहून तापला की उठतो. पुष्पा येईपर्यंत तो तापलेला असायचा, एवढंच. संपतनं वेगाचा आकडा खाली आणला. मशीन कुणाच्याही हातानं चालू व्हायला लागलं आणि काकासाहेबांनी घनसावंगीला निरोप धाडला, वर्षश्राद्ध झालं की पोरीला घेऊन जा.

आज संपतनं मशीन तापू दिलं, पुन्हा चालू केलं आणि डिलीटचं बटण दाबून वेग ठरवायची आतली मांडणी उघडली. त्याच्या बोटाला कुंकू लागलं. शेजारचं आणखी एक बटण तसंच लाल होतं. कॅबिनेटवर तर खंडेनवमीचा टिळा अजून होता. पूजेच्या घरात असं चालायचंच. त्यानं बोट पँटला पुसलं आणि पडद्याकडे बघितलं.

वेगाचा आकडा पुन्हा वर गेला होता.

उषाबाई चहा घेऊन आल्या. कीबोर्डकडे बघत म्हणाल्या, "बद्री मला इथंच बसवून ठेवायचा. त्याचे हात आत गुंतलेले, अन् तो सांगंल ते बटण मी..."

"तुला काय कळतं त्यातलं? च्या ठेव अन् जाय," काकासाहेब म्हणाले.

उषाबाईंनी कप ठेवला आणि गेल्या. या घरात त्यांचं बोलणं असंच अर्ध्यावर राहायचं.

काकासाहेबांना अंगणातून कुणीतरी हाक मारली. ते गेलेले बघून संपतनं पुष्पाला बोलावलं. ती उंबऱ्याशीच थांबली, मोकळ्या कपाळावर पदर ओढून. देवघरातली कामंही हल्ली तिच्याकडे नव्हती. तिला टायपिंग बद्रीनाथनं शिकवलं होतं, हे संपतला ठाऊक होतं.

"वहिनी, आतला आकडा तुम्ही वाढवला का? मी काकांना सांगणार न्हाई."

"कोणता आकडा?" ती गोंधळली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटून राह्यलंय, भाऊजी. ते आत असतील तर मला इथंच राहायचंय. नसतील तर तसं सांगून टाका. मी बोचकं बांधते."

खोटं बोलणारी बाई अशी बोलत नाही. संपतनं पुन्हा आकडा बघितला. तो बराबर बद्रीनाथचाच आकडा होता. एक घर पुढं नेलं की मशीन बंद पडायचं, म्हणून बद्रीनाथ रात्री जागून तिथपर्यंत आला होता. पुष्पाला तो ठाऊक असायचं कारण नव्हतं. संपतनं तो कुणाला सांगितला नव्हता. पडद्यामागून कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटून त्यानं खुर्ची मागं सरकवली.

काकासाहेब परत आले. "काय निघालं?"

संपतनं कॅबिनेटवर झाकण ठेवलं. "काका, मशीनमधी बिघाड न्हाई. अन् हा आकडा बद्रीचाच हाये. तो मी आता खाली करणार न्हाई."

काकासाहेब खाटेवर टेकले.

"घनसावंगीला सांगून दे," ते म्हणाले, "येऊ नका म्हणावं. त्याची बायको त्याच्या घरात राहील."

पुष्पानं पदर तोंडात धरला आणि ती आत पळाली. काकासाहेबही डोळे पुसत बाहेर गेले. संपत हत्यारं गोळा करायला लागला.

उषाबाई कप न्यायला आल्या. पदराच्या टोकानं त्यांनी कीबोर्डवरची दोन बटणं पुसली, आधी डिलीटचं, मग आकडा वाढवायचं, आणि संपतकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी पूजेवरून उठले अन् बोट पुसायचं राहूनच गेलं."