माटोळीचा पहिला नारळ

चवथीच्या दिवशी मस्कतच्या खोलीवर दत्तारामने लॅपटॉप उघडला आणि गेममध्ये शिरायला गेला. सर्व्हर सापडत नाही, असं उत्तर आलं. त्याने वाय-फाय बदललं, पत्त्यातले आकडे पुन्हा ताडून पाहिले, खोलीत येरझाऱ्या घातल्या. उत्तर तेच.

सर्व्हर म्हणजे पार्से गावातल्या घरी, गणपतीच्या खोलीत त्यानेच चालू ठेवलेला जुना कॉम्प्युटर. त्यावरच्या गेममध्ये सगळ्या चुलत भावंडांनी मिळून आपलं घर उभं केलं होतं. आज तिथेही देवावर फळं-भाज्या टांगलेली माटोळी बांधायची होती आणि थोरला म्हणून तिला पहिला नारळ बांधायचा मान त्याचा. "यंदाही सुट्टी नाही? मग तुझ्याशिवाय बांधतो," असं चुलतभाऊ विश्राम परवाच तोडून बोलला होता. त्यानेच आपल्याला बाहेर काढलं, हे दत्तारामच्या डोक्यातून जाईना.

शेवटी त्याने घरी फोन लावला. आईने उचलला. मागे आरतीच्या तालावर मातीची घुमटं वाजत होती.

"आई, माझो कॉम्प्युटर कोणी बंद केल्यान?"

"मीच केलंय. मखराच्या लायटींक प्लग कमी पडलो."

"ऱ्हवांदे मगे. देवाच्या लायटी काढू नको."

पलीकडून खुडबुड ऐकू आली, मग काळोख कोणी केला म्हणून पोरांचा गलका.

"देवाक समई आसा," आई म्हणाली. "तू भितर ये."