उंबऱ्यातला पंजा

माझ्या लेकाने, यतिनने, नि सून मयूराने इंडोनेशियातल्या एका बेटावर, कोळ्यांच्या गावात घर घेतलं. तिथली रीत अशी, की घरातल्या थोरल्या बाईने ओल्या उंबऱ्यात पंजा उमटवायचा, तरच घर तिचं. मी म्हटलं, "घर माझंच. पण सिमेंटात हात घालायला मी काय बोटीत बसायची नाही. मयूराचा उमटव नि माझा म्हणून सांग. त्यांना काय कळतंय?"

आज दुपारी इथे मेलबर्नजवळ, पॉइंट कुकला मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा त्याने फोनवर उंबरा दाखवला. पंजाची करंगळी वाकडी होती, माझ्यासारखी, आणि तळव्याची रेघन् रेघ सिमेंटात उठली होती.

"आई, मयूराने हात लावायच्या आधीच हा उमटला गं!"

"थट्टा पुरे," मी ओरडले, आणि पिठाचा हात पदराला पुसला.

माझ्या तळव्यावर एकही रेघ नव्हती.