एका ओळीचं काम

खट्! दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातला खण ओढला गेला आणि कुलपाला अडला. सुऱ्यांच्या खणाला ते कुलूप मृण्मयीनेच बसवलं होतं. उठली वाटतं बाई लेक!

"आले गं, सोन्या," ती म्हणाली, पण नजर लॅपटॉपवरून हलेना. त्यावर मुलांच्या हॉस्पिटलचा सर्व्हर उघडला होता. रिपोर्ट साठवणाऱ्या प्रोग्रामने कुठल्या फोल्डरला हात लावायचा, कुठल्याला नाही, याचे नियम तिने लेकीला थोपटता थोपटता लिहिले होते. आणि आज बघते तर त्या नियमांचं सगळं संरक्षणच बंद!

तिने साहेबांना फोन लावला, स्पीकरवर, आणि संरक्षण कोणी बंद केलं ते विचारलं.

"मीच बंद केलं. डेमोत रिपोर्ट सेव्ह होईना. आता प्रोग्राम कसा पळतोय बघा!"

"अहो सर, नव्या फोल्डरची परवानगी द्यायची राहिली होती. एका ओळीचं काम! त्यासाठी कुलूपच काढून टाकलंत? आजारी पोरांचे रिपोर्ट आहेत ते!"

"घरी बसून मला शिकवू नका, मॅडम. हात लावायचा नाही."

तिची कानशिलं तापली. तिने ती ओळ लिहिली, संरक्षण चालू केलं. रिपोर्ट निमूट सेव्ह झाला.

"चालू केलंय, सर. सेव्हही होतंय."

"कोणाला विचारून? उद्यापासून या कामावर तुम्ही नाही!"

फोन आपटला गेला. दारात लेक उभी होती, डोळे चोळत.

"आई, कुलूप त्या काकांनी काढलं ना? मग ओरडा तुला का बसला?"